राजधानीत मैत्रिणींकडे राहून नोकरी शोधणे आणि त्याच दिवसांत दिल्ली पाहणे

पाणवठा (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. यंदा फेब्रुवारीत मी २३ दिवस दिल्लीत होते. मुक्काम दोन मैत्रिणींकडे होता आणि काम एकच होते, नोकरी शोधण्याचे. मराठवाड्यात पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या एका संस्थेत मी नऊ वर्षे काढली. प्रकल्पाचा निधी संपला तशी माझी जागाही संपली. या क्षेत्रातील धोरणाची आणि संशोधनाची बरीच कामे दिल्लीतून चालतात, तेव्हा दुरून अर्ज पाठवत बसण्यापेक्षा तिथे जाऊन लोकांना भेटावे असे ठरवले. निघण्यापूर्वी अशा मुक्कामाविषयी काही वाचायला मिळते का हे शोधले, तर एकीकडे पर्यटकांसाठी लिहिलेले भरपूर होते आणि दुसरीकडे उमेदवारांसाठी लिहिलेले भरपूर होते. पण आपण एकाच वेळी कुणाच्या घरी पाहुणे असतो, कुणाच्या दारी उमेदवार असतो आणि शहरात नवखे असतो तेव्हा दिवस कसे लावावेत, याविषयी काहीच हाती लागले नाही. म्हणून हा धागा.

माझे म्हणणे आधीच सांगते. नोकरी शोधायला गेलेल्या माणसाने शहर पाहताना अपराधी वाटून घेऊ नये. जिथे पुढची काही वर्षे काढायची तिथे आपला जीव रमेल का, हे मुलाखतीच्या खोलीत समजत नाही, आणि ते न समजता घेतलेली नोकरी सहा महिन्यांत नकोशी होते. हे मी शेजारच्या शहरात एकदा अनुभवलेले आहे.

सचखंड एक्सप्रेसने गेले. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या या गाडीत वाटेतल्या स्थानकांवर शीख सेवेकरी प्रवाशांना लंगर देतात, हे माहीत असलेले लोक सोबत ताट-वाटी घेऊनच चढतात. मलाही आईने स्टीलचे ताट दिले होते. पहिला मुक्काम मयूर विहार फेज-१ मध्ये महाविद्यालयातील मैत्रिणीकडे होता. ती आणि तिचे यजमान सकाळी साडेआठला बाहेर पडत, मुलगी शाळेत जाई आणि घरात मी एकटी उरे. पोहोचल्याच्या दिवशी तिने घराची जादा किल्ली माझ्या हातात ठेवली होती. पण पहिले चार दिवस मी ती वापरलीच नाही. दिवसभर लॅपटॉप उघडून अर्ज पाठवत राहिले. दुसऱ्याच्या घरी राहायचे, त्यांचे दूध-चहा घ्यायचे आणि वर लाल किल्ला पाहायला जायचे, हे मनाला पटत नव्हते. पाचव्या दिवशी रात्री भांडी आवरताना मैत्रिणीने सरळ विचारले, “तू इथे येऊन जे करते आहेस ते घरी बसून करता आले नसते का?” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच प्रश्न पडला होता, आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी नकाशा समोर घेऊन बेत आखू लागले. माझ्या क्षेत्रातील कचेऱ्या दिल्लीत चार-पाच ठिकाणी एकवटलेल्या आहेत. लोधी रोडवरचा संस्थांचा परिसर, रामकृष्णपुरममधील सेवा भवन, जिथे केंद्रीय जल आयोग आहे, मेहरौलीच्या वाटेवरचा कुतुब इन्स्टिट्यूशनल एरिया, आणि मग गुरुग्राम व नोएडा. जिथे भेट ठरेल त्याच बाजूला पायी जाता येईल असे एक ठिकाण त्याच दिवशी पाहायचे, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला केवळ फिरण्यासाठी जायचे नाही, असा नियम केला. भेट शक्यतो अकराची मागायची. बारा-साडेबाराला मोकळे झाले की चारपर्यंतचा वेळ आपला. याला मेट्रोच्या भाड्याचीही साथ मिळते. स्मार्ट कार्डावर १० टक्के सवलत असतेच. सकाळी आठपूर्वी, दुपारी बारा ते पाच आणि रात्री नऊनंतर प्रवास केला तर आणखी १० टक्के मिळते. शिवाय संध्याकाळी साडेसहाला राजीव चौकात गाडी बदलणे किती अवघड असते, हे ज्याने केले आहे त्याला सांगायला नको. मयूर विहारहून लोधी रोडकडे जाणाऱ्याने मंडी हाउसला उतरून जांभळी मार्गिका धरावी, राजीव चौकापर्यंत जाण्याचे काहीच कारण नाही.

लोधी बाग मी अशी तीनदा पाहिली. फेब्रुवारीतल्या दुपारी तिथे माणसे नुसती ऊन खात पडलेली असतात. सय्यद आणि लोधी सुलतानांच्या कबरींच्या मधल्या हिरवळीवर कुणी संत्री सोलत असते, कुणी डबा उघडून बसलेले असते. १९३६ साली गावठाण हलवून ही बाग आखली गेली. मुलाखतीसाठी घातलेली सुती साडी नेसूनच मी तिथे बसून मघाच्या भेटीची टिपणे लिहीत असे: कोण काय म्हणाले, कुणाला काय पाठवायचे आहे, कुठल्या प्रश्नाला आपण अडखळलो. घरी जाऊन लिहू म्हटले की त्यातले निम्मे विसरते.

सर्वांत जास्त रमले ते मेहरौलीत. कुतुब मिनार सगळेच पाहतात. त्याच्या शेजारच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात मात्र फारशी गर्दी नसते. बाभळीच्या झाडोऱ्यातून पायवाटेने गेले की राजों की बावली लागते. सिकंदर लोधीच्या काळात, १५०६ च्या सुमारास, दौलत खानाने ती बांधली. आपल्याकडे जिला बारव म्हणतात तीच ही. पण आपल्या बारवा घडीव काळ्या दगडाच्या असतात, देवळाच्या कुळातल्या असतात, तर इथे ओबडधोबड दगडावर चुन्याचा गिलावा, कमानींचे मजल्यावर मजले आणि मागच्या बाजूला गोल विहीर. खालच्या पायरीवर उभे राहून वर पाहिले तेव्हा कमानींच्या कडांवर गिलाव्यात कोरलेली फुले तिरप्या उन्हात स्पष्ट दिसत होती. पाण्यासाठी एवढी निगराणी करणाऱ्या माणसांच्या शहरात आपण पाण्याचे काम मागायला आलो आहोत, हे त्या दिवशी मला फार आधाराचे वाटले.

यजमानांकडे कसे वागावे याविषयी माझा अनुभव थोडक्यात सांगते. येण्याची आणि जाण्याची तारीख तिकीट काढण्यापूर्वी कळवली होती. पंधराव्या दिवशी मुनिरक्याला दुसऱ्या मैत्रिणीकडे गेले, म्हणजे एकाच घरावर भार पडला नाही. भाजी आणि दूध मी आणत असे. ज्वारीचे पीठ नेले होते, दर रविवारी पिठले-भाकरी केली. मुलाखतीचे फोन त्यांच्या बैठकीत बसून घेतले नाहीत, खाली वसाहतीच्या बागेत जाऊन घेतले.

आपले अनुभव जरूर लिहावेत. विशेषतः दिल्लीत राहणाऱ्यांनी.

यमुनापार

धागा आवडला. मी २६ वर्षे दिल्लीत आहे आणि या काळात आमच्या घरी नोकरीसाठी, परीक्षेसाठी, उपचारांसाठी आलेले पाहुणे किती झाले याची मोजदाद नाही. त्यामुळे यजमानाची बाजू मांडतो.

“एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई” असे आपल्याकडे म्हणतात, पण मला ते पटत नाही. तीन आठवडे राहिलेला पाहुणाही जड होत नाही, जर तो किती दिवस आहे हे माहीत असेल तर. जड होते ते “बघू, काम झाले की निघतो” हे वाक्य. काम कधी होईल हे त्याच्या हातात नसते, मग आमच्याही हातात काही राहत नाही. सुट्टीत गावी जाण्याचे तिकीट काढावे की नाही, मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत खोली मोकळी मिळेल की नाही, हे सगळे लटकून राहते. तारीख सांगा, आणि त्या तारखेला काम झालेले नसले तरी निघा. पुन्हा यायला दार उघडेच असते.

दुसरे असे की दिवसभर घरात बसून राहिलेला पाहुणा यजमानाला अधिक अवघड जातो. संध्याकाळी थकून घरी यावे तर हा खिन्न चेहऱ्याने बसलेला. मग त्याला विचारावे तरी पंचाईत, न विचारावे तरी पंचाईत. त्याउलट आमचा एक भाचा रोज संध्याकाळी येऊन आज खारी बावलीत मसाल्यांच्या पोत्यांमधून कसा चाललो, फत्तेपुरीच्या कोपऱ्यावर काय खाल्ले, हे सांगत असे. आम्ही इतकी वर्षे इथे राहून जे पाहिले नव्हते ते त्याच्यामुळे पाहिले.

हंगामाचेही पाहावे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत हवा इतकी वाईट असते की दम्याचा त्रास असलेल्याने त्या काळात मुलाखतीला येऊ नये. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या पाच-पाच, सात-सात तास उशिरा येतात, तेव्हा मुलाखतीच्या आदल्या दिवशी पोहोचण्याचा बेत करू नये. २६ जानेवारीच्या आधीचे दिवस तालमींमुळे मध्य दिल्लीत रस्ते बंद असतात. आपण निवडलेला फेब्रुवारी सर्वांत उत्तम. राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान त्याच सुमारास लोकांसाठी उघडते, प्रवेश विनामूल्य असतो, फक्त वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी आणि सोमवार टाळावा.

सरळरेषा

मला हे म्हणणे पूर्णपणे मान्य नाही, आणि ते सांगितले पाहिजे असे वाटते. मी २०१४ साली लक्ष्मी नगरात मित्राच्या खोलीवर ४० दिवस होतो. एका खोलीत आम्ही तिघे. माझ्याजवळ जेमतेम दीड महिन्याचे पैसे होते. पहिल्या आठवड्यात मीही खूप फिरलो, जुनी दिल्ली, हुमायूनची कबर, सगळे पाहिले. त्या आठवड्यात एका कचेरीतून फोन आला तेव्हा मी तुघलकाबादच्या किल्ल्यावर होतो, आवाज नीट आला नाही, आणि नंतर फोन केला तेव्हा त्यांनी दुसऱ्या उमेदवाराला बोलावून झाले होते. त्या एका फोनची रुखरुख मला आजही आहे. ज्यांच्या घरी पाठीशी कुणी आहे त्यांना शहराचा आनंद घेता येतो. ज्याचे घर त्याच्या पगाराची वाट पाहत आहे त्याने आधी नोकरी मिळवावी आणि मग आयुष्यभर दिल्ली पाहावी. शहर कुठे जात नाही.

पाणवठा (धागाकर्ती)

सरळरेषा, आपण हे मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. आपला तो फोन चुकला हे वाचून वाईट वाटले. पैशांचा मुद्दा खरा आहे आणि तो मी लिहायला हवा होता. माझ्याजवळ चार महिन्यांची शिल्लक होती, त्यामुळे माझा जीव आपल्याइतका टांगणीला लागलेला नव्हता. तरीही शहर पाहणे आणि नोकरी शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत असे मला वाटत नाही, आणि ते का, हे एका प्रसंगावरून सांगते.

अठराव्या दिवशी एका संशोधन संस्थेत मुलाखत होती. आदल्या संध्याकाळी मुनिरक्याच्या मैत्रिणीबरोबर मी हौज खासला गेले होते. तिथले तळे १३०० च्या सुमारास अल्लाउद्दीन खिलजीने आपल्या सिरी या नव्या नगरीसाठी खोदवले. पुढे ते गाळाने भरून गेले. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने ते पुन्हा मोकळे करून काठावर मदरसा बांधला. त्याची कबरही तिथेच आहे. फिरोजशाहाने आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त लिहून ठेवला आहे त्यात या तळ्याचा उल्लेख आहे: तळे कोरडे पडले होते, लोक त्याच्या पोटात शेती करत होते आणि तिथेच विहिरी खणून त्यांचे पाणी विकत होते. मेहरौलीच्या हौज-ए-शम्सी या तलावाविषयी तो लिहितो की पाणी आणणारे पाट लोकांनी अडवले होते, ते त्याने उघडले. हे मी पूर्वी कुठेतरी वाचले होते; पण मदरशाच्या सज्जात उभे राहून तळ्याची आजची मर्यादा आणि भोवतीची वस्ती पाहिली तेव्हा त्याचा अर्थ नीट समजला. आज त्या तळ्यात जे पाणी सोडतात ते प्रक्रिया केलेले सांडपाणी आहे, कारण पावसाचे पाणी आणणाऱ्या जुन्या वाटांवर शहर वसले आहे.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत तिघे जण होते. त्यांतील ज्येष्ठ बाईंनी विचारले, “तुमच्या राज्यात तलावांतला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना २०१७ पासून चालू आहे. काढलेला गाळ पुन्हा भरत नाही का?” गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत मी चार गावांत प्रत्यक्ष काम केले आहे. ट्रॅक्टरच्या फेऱ्या मोजल्या आहेत, कुणाच्या शेतात किती गाळ गेला याच्या वह्या ठेवल्या आहेत. ते सर्व सांगितले आणि मग म्हणाले की वरच्या बाजूला माती धरून ठेवली नाही आणि पाणी येण्याच्या वाटा मोकळ्या राहिल्या नाहीत तर गाळ काढणे हे दर दहा वर्षांनी करायचे काम होऊन बसते, आणि याचे एक जुने उदाहरण मी काल संध्याकाळी इथून जवळच पाहिले. त्यानंतर हौज खासवर वीस मिनिटे बोलणे झाले. कागदावरची पात्रता माझ्याइतकी, किंबहुना माझ्याहून अधिक असलेले उमेदवार बाहेर बसलेले होते, हे मला ठाऊक आहे.

फोनविषयी मात्र आपले अगदी बरोबर आहे. ज्या दिवशी उत्तर येण्याची शक्यता असेल त्या दिवशी मी किल्ल्यांवर किंवा तळघरांत गेले नाही. बागेत, संग्रहालयाच्या आवारात किंवा मंडी हाउसच्या परिसरात थांबले. त्रिवेणी कला संगमच्या उपाहारगृहात चहा घेऊन तासभर बसले तर कुणी उठवत नाही.

सरळरेषा

हे पटले. माझ्या कामाचा शहराशी असा संबंध नव्हता, मी हिशेबनीस आहे. पण कदाचित मी तसा शोधलाही नाही. मुलाखतीचे पुढे काय झाले ते कळवा.

निळीशाई

मी गुरुग्राममध्ये नोकरी करते आणि दिल्लीत राहते, त्यामुळे येण्याजाण्याविषयी दोन गोष्टी सांगते. मेट्रोत पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो. नव्याने आलेल्या मुलींनी फलाटावर गाडीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभे राहावे. गुरुग्रामच्या कचेऱ्यांचा पत्ता नीट पाहावा, कारण पिवळ्या मार्गिकेवर सिकंदरपूरला उतरून रॅपिड मेट्रो घ्यायची की शेवटच्या स्थानकापर्यंत जायचे, यात अर्धा तास इकडचा तिकडे होतो. नोएडात निळ्या मार्गिकेचे सेक्टर ५२ आणि ॲक्वा मार्गिकेचे सेक्टर ५१ ही दोन वेगळी स्थानके आहेत आणि मध्ये चालावे लागते, ते अंतर वेळेत धरावे.

मुलाखत संध्याकाळी पाचनंतरची देत असतील तर निःसंकोचपणे सकाळची मागावी. मागितल्यामुळे कुणाची नोकरी गेल्याचे मी पाहिलेले नाही. आणि त्या कचेरीतून साडेसहाला बाहेर पडणाऱ्या बायका घरी कशा जातात हे रस्त्यावर दहा मिनिटे उभे राहून पाहावे. पगाराइतकीच ती माहिती महत्त्वाची आहे.

खिळा

फसवणुकीविषयी कुणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून लिहितो. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी असाच माझ्याकडे राहून नोकरी शोधत होता. त्याला फोनवर निवड झाल्याचे कळवून एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बोलावले. तिथे पंधरा-वीस मुले बसली होती, नियुक्तिपत्रावर गोल शिक्का होता, आणि ‘प्रशिक्षण साहित्य’ म्हणून साडेआठ हजार रुपये भरायचे होते. त्याने मला फोन केला म्हणून वाचला. बाहेरगावाहून आलेल्या आणि मित्राकडे फार दिवस राहणे नको झालेल्या मुलांचीच ते निवड करतात, कारण त्यांना लवकर हो म्हणायचे असते. नोकरी देणारा पैसे मागत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. सरकारी खात्यांतील कंत्राटी सल्लागारांच्या जागा त्या त्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येतात, आणि केंद्राच्या भरतीच्या जाहिराती ‘रोजगार समाचार’ या साप्ताहिकात पाहता येतात. मध्यस्थाची गरज नसते.

जुना फलाट

पाणवठा, आपण मयूर विहारला राहिलात, म्हणजे इतिहासाच्या बऱ्याच जवळ राहिलात. शेजारच्या पटपडगंजची लढाई ११ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. शिंद्यांच्या फौजेचा लॉर्ड लेकने पराभव केला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. त्या लढाईचे स्मारक आज नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. त्याआधी १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत आला होता तेव्हाचा तालकटोऱ्याचा परिसर आता क्रीडासंकुलामुळे ओळखला जातो, आणि त्याच संकुलात फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. दिल्लीत त्यापूर्वीचे संमेलन १९५४ चे, अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मध्ये ७१ वर्षे गेली.

नव्याने येणाऱ्यांनी उतरण्याची एक जागा म्हणून पहाडगंजातले बृहन्महाराष्ट्र भवन माहीत करून घ्यावे. मित्राकडचे दिवस संपले आणि काम अर्धवट राहिले, असे पुष्कळांचे होते. मराठी बोलायला मिळणे हेही परक्या शहरात थोडके नाही. आपण भिकाजी कामा प्लेसला सेवा भवनात गेला होता असे दिसते. गुलाबी मार्गिकेवर त्याच्या पुढचे स्थानक सर विश्वेश्वरय्यांच्या नावाचे आहे. त्यांनी तयार केलेले धरणाचे स्वयंचलित दरवाजे १९०३ साली पहिल्यांदा आपल्या खडकवासल्याला बसले, हे आपल्या क्षेत्रातील माणसाला सांगायला नकोच.

पाणवठा (धागाकर्ती)

जुना फलाट, ते स्थानक मी पाहिले, आणि खडकवासला आठवूनच एक स्थानक पुढे जाऊन परत आले. पटपडगंजविषयी मात्र मला काहीच माहीत नव्हते. त्या नावाची पाटी मी रोज ई-रिक्षातून पाहत होते.

अनेकांनी मुलाखतीचे काय झाले ते विचारले आहे, म्हणून राहिलेले सांगते. त्या संस्थेचे उत्तर लवकर आले नाही. एकविसाव्या दिवशी दुसऱ्या एका ठिकाणचा नकार आला. तो गुरुवार होता. मैत्रिणीने अर्धी रजा घेतली आणि मला फिरोजशाह कोटल्याला नेले. अशोकाचा स्तंभ तिथे आहे, तोही फिरोजशाहानेच टोपऱ्याहून आणवला. पण गुरुवारी लोक तिथे जमतात ते जिनांसाठी, म्हणजे तिथे राहतात असे मानल्या जाणाऱ्या अदृश्य शक्तींसाठी. पडक्या खोल्यांच्या कोनाड्यांत पणत्या आणि उदबत्त्या लावतात आणि आपले मागणे कागदावर लिहून ठेवतात. मी एका कोनाड्याजवळ बराच वेळ उभी होते. एकाच अर्जाच्या सात-आठ झेरॉक्स प्रती वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीवर पासपोर्ट आकाराचा फोटो, खाली घराचा पूर्ण पत्ता आणि सही. दुसऱ्यांचे मागणे वाचू नये म्हणून मी नजर वळवली, पण वरची ओळ दिसलीच: मुलाच्या कामाविषयी होती. त्या २१ दिवसांत मी ३४ अर्ज पाठवले होते. इतक्या लोकांचे इतके अर्ज एका जागी पाहून मला रडू आले आणि मन हलकेही झाले. मैत्रीण काही बोलली नाही. तिथून आम्ही बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात गेलो, सरोवराच्या काठी बसलो, लंगरमध्ये जेवलो. सचखंडमध्ये वापरलेले आईचे ताट आठवले.

तारीख ठरलेली होती त्याप्रमाणे मी तेविसाव्या दिवशी निघाले. उत्तर घरी पोहोचल्यावर आठव्या दिवशी आले. संशोधन संस्थेने एका वर्षाच्या कराराने घेतले आहे, काम दिल्ली परिसरातील जुन्या तळ्यांच्या पाहणीचे आहे, रुजू होण्याची तारीख १ एप्रिल. पगार आधीच्या पगारापेक्षा फार जास्त नाही, आणि दिल्लीतल्या घरभाड्याचा विचार करता हात आखडूनच राहावे लागेल. तरी होकार देताना मी एक क्षणही थांबले नाही, कारण त्या शहरात दुपारी चारला कुठे बसावे, कुठल्या गाडीला गर्दी नसते आणि मन उदास झाले तर कुठे जावे, हे मला ठाऊक झाले होते.

आता प्रश्न खोलीचा आहे. मालवीय नगरात एक पाहिली आहे, बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली. मैत्रीण म्हणते की मे-जूनमध्ये ती भट्टीसारखी तापेल. जवळच खिडकी गावापाशी सतपुला आहे, मुहम्मद तुघलकाच्या काळातला सात दरवाजांचा बांध, म्हणून माझा ओढा तिकडे आहे. यमुनापार, निळीशाई, आपण या भागाविषयी काही सांगू शकाल का?

निळीशाई

अभिनंदन. बरसाती घेऊ नका, मैत्रिणीचे ऐका. मालवीय नगरातच मधल्या मजल्यावरची खोली शोधा, दीड-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. घरमालकाकडून भाडेकराराची प्रत आणि पोलीस पडताळणी पहिल्याच आठवड्यात करून घ्या, दलाल एका महिन्याचे भाडे घेईल ते हिशेबात धरा, आणि पाणी किती वाजता येते हे घरमालकाला न विचारता शेजारच्या बिऱ्हाडाला विचारा.

यमुनापार

मनापासून अभिनंदन. निळीशाई म्हणतात ते योग्य आहे. खोली मिळेपर्यंत कुठे उतरणार आहात?

पाणवठा (धागाकर्ती)

मयूर विहारलाच, ३० मार्च ते ९ एप्रिल. तारखा कळवून झाल्या आहेत. निघताना मी जादा किल्ली परत देत होते, तर मैत्रिणीने ती माझ्याच पिशवीत टाकली होती. ती अजून माझ्याकडे आहे. खोली मिळाली की नेऊन देईन, सोबत ज्वारीचे पीठ घेऊन.